वाचकांचे प्रश्न : दोन हजार मीटरचे पाणी

गेल्या अंकात आशियाई क्रीडा स्पर्धांतील पुरुषांच्या रोइंगवर, म्हणजे वल्ह्यांच्या नौकानयनावर, एक टिपण दिले होते. चीनमधील हांगझोऊ येथे सप्टेंबर २०२३ मध्ये झालेल्या स्पर्धेत भारताने या खेळात दोन रौप्य आणि तीन कांस्य अशी पाच पदके मिळवली आणि ती सर्व पुरुषांनी मिळवली, एवढाच त्याचा आशय होता. त्यावर सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेली पत्रे पाहता नदीकाठच्या माणसाला या खेळाबद्दल किती जवळीक वाटते, हे ध्यानात आले. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न (कसबे डिग्रज) : आमच्या भागात कृष्णेच्या पात्रात होड्यांच्या शर्यती होतात. आमची पोरे पुढे तोंड करून बसतात आणि दंडाच्या जोरावर होडी पळवतात. आशियाई स्पर्धेतले खेळाडू मात्र पाठमोरे बसलेले दिसले. असे उलटे बसून वेग कसा येतो? आणि आमच्या पोरांना या खेळात उतरता येईल का?

उत्तर : आपण नेमका मुद्द्याचा फरक टिपला आहे. आपल्या होडीत वल्हे हातात मोकळे असते. रोइंगच्या बोटीत ते काठाबाहेर काढलेल्या आधारावर, ज्याला खेळाडू रिगर म्हणतात, अडकवलेले असते. वल्हे असे टेकूवर बसले की त्याची तरफ होते, आणि तरफ ओढताना माणूस सर्वांत जास्त जोर लावू शकतो तो समोर पाय रेटून आणि अंग मागे टाकून. तसे बसले की पाठ आपोआप पुढच्या दिशेला येते. बसण्याची फळी लहान चाकांवर असते आणि ती दोन रुळांवरून मागेपुढे सरकते. पायांतले बूट मात्र बोटीत पक्के बसवलेले असतात. म्हणून या खेळात दंडापेक्षा मांड्यांचे काम अधिक असते, आणि चांगल्या वल्हेकऱ्याचे अंग पाहिले तर ते पैलवानापेक्षा लांब पल्ल्याच्या सायकलपटूच्या जवळचे वाटते.

वल्ह्याचा एक फटका सावकाश पाहावा. खेळाडू गुडघे छातीशी घेऊन, हात पूर्ण लांब करून पुढे सरकलेला असतो आणि वल्ह्याचे पाते पाण्यात उभे शिरते. आधी पाय सरळ होतात, मग पाठ मागे झुकते, आणि सर्वांत शेवटी हात वल्ह्याची मूठ बरगड्यांपाशी आणतात. पाते पाण्याबाहेर येताच मनगट किंचित वळवून ते आडवे केले जाते, कारण उभे पाते वारा अडवते. परतताना क्रम उलटा असतो : आधी हात लांब, मग पाठ पुढे, मग गुडघे वर. नवखा माणूस चुकतो तो या परतीत. तो घाईने पुढे सरकतो, त्याच्या अंगाचे वजन बोटीच्या मागच्या टोकाकडे धावते आणि नुकताच मिळवलेला वेग बोट तेथेच गमावते. जाणकार माणूस ओढण्यापेक्षा परतीकडे पाहून खेळाडूची जात ओळखतो. चौघांच्या शर्यतीत मिनिटाला छत्तीसच्या आसपास फटके धरले, तरी दोन हजार मीटरमध्ये ही क्रिया दोनशेहून अधिक वेळा करावी लागते, आणि तीही छाती भरून आलेली असताना.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी थोडे वेगळे देतो. पुढे तोंड करून, मोकळ्या वल्ह्याने होडी पळवणाऱ्या पोरांना रोइंगपेक्षा जवळचा असा एक प्रकार आशियाई स्पर्धांत आहे, तो म्हणजे ड्रॅगन बोट. २०१० च्या ग्वांगझोऊ स्पर्धेत तो आला, पुढे २०१८ आणि हांगझोऊ येथेही तो होता. त्यात वल्हेकरी दोन रांगांत पुढे तोंड करून बसतात, पुढच्या टोकाला ताल देणारा ढोलवाला असतो आणि मागे सुकाणू धरणारा. २००, ५०० आणि १००० मीटर अशी त्याची अंतरे असतात. कृष्णेत तयार झालेले मनगट, एकमेकांच्या तालावर चालण्याची सवय आणि पाण्याची जाण या खेळात थेट उपयोगी पडेल. रोइंगसाठी मात्र त्यांना बसणे, ओढणे आणि परतणे हे सारे मुळापासून शिकावे लागेल. तेही अशक्य मुळीच नाही. पण पहिले पाऊल कोठे टाकावे असे कोणी मला विचारले, तर मी ड्रॅगन बोटीकडे बोट दाखवीन.

प्रश्न (विश्रामबाग, सांगली) : आठ जणांच्या बोटीत नववा माणूस नुसता बसून असतो. त्याचे वजन ओढण्यात काय अर्थ आहे? शिवाय एकेरी, दुहेरी, चौघे असे इतके प्रकार कशासाठी?

उत्तर : प्रकार दोन गोष्टींवरून ठरतात. प्रत्येकाच्या हातांत दोन वल्ही असतील तर त्याला स्कलिंग म्हणतात. त्यात एकटा, दोघे आणि चौघे अशा बोटी असतात. प्रत्येकाकडे एकच, पण अधिक लांब वल्हे असेल तर तो स्वीप प्रकार. त्यात दोघे, चौघे आणि आठ जण. हांगझोऊ येथे पुरुषांसाठी यांखेरीज कमी वजनाच्या खेळाडूंची दुहेरी स्कल शर्यतही होती, आणि तिच्यात अर्जुन लाल जाट आणि अरविंद सिंग यांनी रौप्यपदक मिळवले.

आता नवव्या माणसाविषयी. त्याला कॉक्स म्हणतात. तो बोटीच्या मागच्या टोकाला बसतो आणि बोटीत समोर पाहणारा तो एकटाच असतो. सुकाणू त्याच्या हातात असते, फटक्यांची गती वाढवायची की राखायची हे तो सांगतो, शेजारच्या मार्गिकेतली बोट किती मागे आहे हे तो सांगतो, आणि पाचव्या क्रमांकाच्या खेळाडूचे पाते उशिरा शिरते आहे हेही तोच सांगतो. त्याचे वजन किमान ५५ किलो असावे असा नियम आहे; तो हलका असेल तर फरक भरून काढण्यासाठी बोटीत तेवढे वजन ठेवावे लागते. आठ जणांचा एकच फटका पडायचा तर शाळेच्या लेझीम पथकाप्रमाणे एका आवाजावर सर्वांचे अंग हलावे लागते, आणि तो आवाज त्याचा असतो. हांगझोऊच्या आठ जणांच्या अंतिम शर्यतीत चीनने ५ मिनिटे ४०.१७ सेकंद, तर भारताने ५ मिनिटे ४३.०१ सेकंद वेळ दिली. तीन सेकंदांहून कमी अंतराच्या अशा शर्यतीत नवव्या माणसाचे वजन वाया गेले, असे कोण म्हणेल? भारताच्या त्या बोटीत धनंजय उत्तम पांडे कॉक्स होते. त्याच बोटीतल्या जसविंदर, भीम, पुनीत कुमार आणि आशिष या चौघांनी दुसऱ्याच दिवशी चौघांच्या स्वीप शर्यतीत कांस्यपदकही मिळवले. चोवीस तासांच्या आत दोनदा असा दम काढणे काय असते, हे ज्याने एकदा तरी शर्यत वल्हवली आहे त्यालाच कळेल.

प्रश्न (कराड) : नाशिक जिल्ह्यातील दत्तू भोकनळ यांनी २०१८ मध्ये सुवर्णपदक मिळवले, असे आठवते. पण त्याच स्पर्धेत ते एका शर्यतीत शेवटचे आल्याचेही वाचले होते. हे दोन्ही खरे कसे?

उत्तर : दोन्ही खरे आहे, आणि महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासातल्या त्या दोन दिवसांबद्दल जितके लिहिले जायला हवे होते तितके लिहिले गेले नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

दत्तू बबन भोकनळ हे चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे. दुष्काळी भाग, घरची गरिबी, आणि वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचे काम. २०१२ मध्ये ते लष्करात भरती झाले आणि पुण्यात लष्कराच्या रोइंग केंद्रात त्यांनी प्रथम वल्हे हातात घेतले. सुरुवातीला त्यांना पाण्याची भीती वाटत असे. अवघ्या चार वर्षांत, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये, ते एकेरी स्कलमध्ये उतरलेले भारताचे एकमेव वल्हेकरी होते आणि तेथे त्यांनी तेरावा क्रमांक मिळवला. त्या काळात त्यांची आई अपघातानंतर अत्यवस्थ होती.

२०१८ ची आशियाई स्पर्धा इंडोनेशियात झाली आणि रोइंगच्या शर्यती पालेम्बांग येथील जकाबारिंगच्या कृत्रिम तलावावर झाल्या. २३ ऑगस्टला एकेरी स्कलची अंतिम शर्यत होती. भोकनळ यांच्याकडून पदकाची अपेक्षा होती; पण सर्दी-तापाने ते बेजार होते आणि त्या शर्यतीत ते सर्वांत शेवटी आले. एकेरी बोटीत लपायला जागा नसते. ताप असेल, श्वास लागत असेल, तर दोन हजार मीटरपैकी प्रत्येक मीटर ते दाखवून देतो.

दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, चौघांच्या स्कलिंगची अंतिम शर्यत होती. स्वर्ण सिंग, ओम प्रकाश, सुखमीत सिंग आणि दत्तू भोकनळ, चौघेही लष्कराचे जवान. आदल्या दिवशी कोसळलेल्या माणसाला बोटीत घ्यावे का, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. ते बसले, आणि या चौघांनी ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत शर्यत जिंकली. यजमान इंडोनेशिया दुसरा आणि थायलंड तिसरा आला. चौघांच्या या बोटीत कॉक्स नसतो. त्यांच्यापैकीच एक जण पायाच्या हालचालीने सुकाणू सांभाळतो, आणि मागच्या टोकाशी बसलेला खेळाडू जी गती धरतो तीच बाकीच्या तिघांना धरावी लागते. म्हणून अशा बोटीत एक माणूस कमी पडला की उरलेल्या तिघांना ते लगेच समजते. आदल्या दिवशीच्या आजारानंतर भोकनळ यांनी आपल्या वाट्याचा भार पूर्ण उचलला, याचा पुरावा ती वेळ देते. पुढे २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या बोटीतले सुखमीत सिंग हांगझोऊ येथे पुन्हा चौघांच्या स्कलिंग बोटीत बसले आणि कांस्यपदक घेऊन आले.

प्रश्न (अपशिंगे, जि. सातारा) : आमचे गाव फौजी लोकांचे. रोइंगमधले जवळजवळ सगळे विजेते लष्करातलेच असतात, याचे कारण काय?

उत्तर : कारण हा खेळ घरी बसून वाढत नाही. बोट महाग, वल्ही महाग, प्रशिक्षकाला सोबत चालायला वेगळी मोटारबोट हवी, आणि रोज सकाळ-संध्याकाळ सराव, त्यावर पुरेसे खाणे आणि विश्रांती. सामान्य नोकरी किंवा शेती सांभाळून हे कोणाला जमणार? लष्कराने पुण्यात दापोडीजवळ सीएमईच्या, म्हणजे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, आवारात हे सारे एका जागी उभे केले. तिथल्या पाण्यावर राजस्थान, हरियाणा, पंजाब येथून आलेले उंच जवान वल्हवायला शिकतात. ग्वांगझोऊ येथे २०१० मध्ये भारताला आशियाई स्पर्धेतले रोइंगचे पहिले सुवर्णपदक मिळवून देणारे बजरंग लाल ताखर हे राजस्थानच्या सीकर जिल्ह्यातले, राजपुताना रायफल्सचे. ज्या भागात नदी क्वचित दिसते तिथला माणूस आशियात पहिला येतो, यावरून पाणी जवळ असणे किती आणि शिस्तबद्ध शिकवण किती, याचा अंदाज आपल्याला येईल.

या व्यवस्थेची एक मर्यादाही मनमोकळेपणे सांगायला हवी. लष्करात माणूस साधारण वयाच्या विशीत येतो आणि त्यानंतर वल्हे धरतो. युरोपातील किंवा चीनमधील खेळाडू शाळेत असतानाच सुरुवात करतो. आशियाई पदक आणि ऑलिम्पिकची अंतिम शर्यत यांमधले आपले अंतर बऱ्याच अंशी याच उशिरामुळे आहे, असे मला वाटते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अर्जुन लाल आणि अरविंद यांची जोडी अकरावी आली. ती कामगिरी मोठी होती, पण अंतिम शर्यतीतल्या सहांत अजून आपण पोहोचलेलो नाही. हे अंतर मुलांना शाळेच्या वयात बोटीत बसवले तरच कमी होईल.

प्रश्न (वाई) : धोम, कण्हेर, उरमोडी, शिवसागर एवढी पाणी असलेली धरणे सातारा जिल्ह्यात आहेत. येथे आंतरराष्ट्रीय दर्जाची शर्यत होऊ शकेल का?

उत्तर : पाणी भरपूर असणे ही पहिली अट आहे, एकमेव नव्हे. शर्यतीला सरळ दोन हजार मीटर लांबीचा पट्टा लागतो, त्यापुढे बोटी थांबायला जागा लागते, किमान सहा मार्गिका लागतात आणि प्रत्येक मार्गिका साधारण साडेतेरा मीटर रुंद धरली जाते. सर्व मार्गिकांना सारखे पाणी आणि सारखा वारा मिळायला हवा. एका बाजूला डोंगराचा आडोसा आणि दुसऱ्या बाजूला उघडा वारा असेल तर स्पर्धा न्याय्य राहत नाही. आपल्या घाटालगतच्या जलाशयांत हीच अडचण आहे : वारा दरीतून येतो आणि तो सर्वत्र सारखा नसतो. दुसरी अडचण पातळीची. पावसाळ्याअखेर तुडुंब असलेले धरण उन्हाळ्यात उतरते, काठ शंभर-दोनशे पावले मागे जातो, आणि ज्या धक्क्यावरून बोट उतरवायची तो चिखलात उभा राहतो.

याबाबतीत जयपूरजवळच्या रामगढ तलावाची गोष्ट आपण सर्वांनी ध्यानात ठेवावी. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत रोइंगचा प्रथमच समावेश झाला, आणि त्या शर्यती रामगढला झाल्या. आज तो तलाव कोरडा आहे. नदीकडून येणारे पाणी अडत गेले, आणि आशियाच्या वल्हेकऱ्यांनी जेथे पदके जिंकली तेथे आता जमीन आहे. धरणे आणि कालवे हेच ज्यांचे जीवन आहे त्या आपल्या जिल्ह्यांना यात नवे काही सांगायला नको.

सरावासाठी मात्र धोम किंवा कण्हेरचे पाणी चांगलेच उपयोगी पडेल. पहाटे वारा पडलेला असतो, सप्टेंबर ते जानेवारी पातळी टिकते, आणि सरावाला सहा मार्गिकांची गरज नसते. दोन एकेरी बोटी, एक चौघांची बोट, जीवरक्षक असलेली एक मोटारबोट आणि जाणकार शिक्षक एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. पाटबंधारे खात्याची परवानगी ही पहिली पायरी, आणि ती मागायला एखादी क्रीडा संस्था पुढे यायला हवी.

प्रश्न (मिरज) : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आणि वयाच्या मानाने खूप उंच आहे. त्याला हा खेळ शिकायचा आहे. पण आपल्या कृष्णेला येणारे पूर, नदीतल्या मगरी, आणि २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला झालेली बोटीची दुर्घटना हे सारे डोळ्यांसमोर येते. आई म्हणून परवानगी द्यावी का?

उत्तर : ताई, आपली काळजी रास्त आहे आणि ती कोणी हलक्यात घेऊ नये. ब्रह्मनाळला जे झाले ते पुराच्या पाण्यात, जीव वाचवण्यासाठी निघालेल्या बोटीचे झाले. त्याची जखम या जिल्ह्याला अजून आहे. रोइंग पूर आलेल्या नदीत कधीही केले जात नाही. आयर्विन पुलापाशी पाणी चढू लागले की सरावाचा प्रश्नच उरत नाही. मगरींचा वावर असलेल्या पात्रातही नवख्या मुलाला एकेरी बोटीत सोडू नये, हे मी स्पष्टपणे सांगतो.

परवानगी देण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतः पाहून घ्याव्यात. त्याला कपडे घालून, खोल पाण्यात, आधाराशिवाय पोहता येते का. शिकवणाऱ्यांची मोटारबोट मुलांच्या सोबत पाण्यात असते का. आणि बोटीतले बूट ओढताच पाय मोकळा होतो का. शेवटची गोष्ट फारशी कोणी विचारत नाही. बूट बोटीला बसवलेले असल्याने बोट उलटली तर पाय चटकन सुटला पाहिजे, म्हणून टाचेशी दोरी बांधलेली असते आणि ती तपासणे हा नियमाचा भाग आहे. त्याचप्रमाणे बोटीच्या पुढच्या टोकाला रबराचा पांढरा चेंडू असतो. टक्कर झाली तर टोक कोणाच्या अंगात शिरू नये म्हणून तो लावतात.

पंधरा हे वय सुरुवातीला उत्तम आहे, कारण आंतरराष्ट्रीय कनिष्ठ गट अठरा वर्षे पूर्ण होणाऱ्या वर्षअखेरपर्यंत धरला जातो. म्हणजे त्याच्या हातात वेळ आहे. पाण्यात उतरवण्याआधी काही महिने त्याला रोइंग यंत्रावर बसवावे; खेळाडू त्याला अर्ग म्हणतात आणि आता मोठ्या व्यायामशाळांत ते असते. पाय, पाठ, हात हा क्रम त्यावर पक्का होतो आणि हा खेळ त्याला खरोखर आवडतो की नाही हेही कळते, कारण अर्गवरचे दोन हजार मीटर कोणाचीही हौस पारखून घेतात. त्यानंतर सुट्टीत पुण्याला एखाद्या बोट क्लबमध्ये शिकवणीसाठी पाठवता येईल. उंची ही या खेळातली मोठी देणगी आहे, कारण लांब हात आणि लांब पाय म्हणजे लांब फटका. ती त्याच्याजवळ असेल तर माझ्या मते आपण होकार द्यावा.

प्रश्न (इस्लामपूर) : धावण्याप्रमाणे रोइंगमध्ये विश्वविक्रम का सांगत नाहीत?

उत्तर : वारा मागून असेल तर तीच बोट कितीतरी सेकंद लवकर पोहोचते, आणि समोरून असेल तर तितकीच उशिरा. पाण्याचे तापमानही फरक करते. म्हणून विश्वविक्रमाऐवजी ‘सर्वोत्तम नोंदलेली वेळ’ असे म्हणतात, आणि दोन स्पर्धांतल्या वेळांची तुलना जाणकार फारशी करत नाहीत. पालेम्बांगची वेळ हांगझोऊच्या वेळेशेजारी ठेवून कोणती बोट श्रेष्ठ हे ठरवू नये. त्या दिवशी, त्या पाण्यात, शेजारच्या मार्गिकेतल्या बोटीपेक्षा आधी पोहोचणे एवढेच खरे.

प्रश्न (सातारा) : मी महाविद्यालयात आहे, वजन ६८ किलो. कमी वजनाच्या गटात मला भविष्य आहे का?

उत्तर : पुरुषांच्या कमी वजनाच्या गटात एकेकाचे वजन ७२.५ किलोंपर्यंत आणि संघाची सरासरी ७० किलोंपर्यंत चालते, त्यामुळे आपण या मर्यादेत सहज बसता. परंतु ऑलिम्पिकमधून हा गट पॅरिस २०२४ नंतर वगळण्यात आला आहे. लॉस एंजेलिस २०२८ मध्ये त्याच्याऐवजी समुद्रकिनाऱ्यावरची रोइंग शर्यत येत आहे : वाळूवरून धावत जाऊन बोटीत चढायचे, लाटांतून २५० मीटर आत जाऊन वळसा घालायचा, परत येऊन पुन्हा धावायचे. हिला बीच स्प्रिंट म्हणतात, आणि तिच्यात केवळ उंची पुरत नाही. चपळ पाय आणि लाटेवर तोल सांभाळण्याची हातोटी लागते. शिवाय २०२८ च्या नेहमीच्या शर्यतीही लाँग बीच येथे दोन हजारांऐवजी दीड हजार मीटरच्या होतील, कारण तिथला पट्टा तेवढाच आहे. आपल्या वजनाच्या तरुणाने आजपासून तयारी करायची असेल, तर मी बीच स्प्रिंटचा विचार करायला सांगेन. बोट आणि शिकवण पुण्यात मिळेल. समुद्र मात्र रत्नागिरीकडे उतरूनच गाठावा लागेल, आणि लाटांचा सराव तेथे कोळी बांधवांच्या सल्ल्याने, पावसाळा संपल्यावरच सुरू करावा.